पातळी दोन

साडेसहालाच जहाज धक्क्याला लागलं.
अकरा मजले, पांढरेशुभ्र,
लिमोनमधल्या कुठल्याही घराहून, चर्चच्या मनोऱ्याहूनही उंच.
मी फाटकाशी उभा, हातात पुठ्ठा:
हाउगन, दोन माणसं, कालवे आणि स्लॉथ, चार तास.
पुठ्ठ्याच्या पाठीवर गेल्या आठवड्यातलं नाव,
कुणी फेरेरा. ते उतरलेच नाहीत.

वरच्या कठड्यावर माणसं दुर्बिणी लावून उभी.
पूर्वी ती उवीता बेटावरचे पक्षी बघायची.
आज दुर्बिणी खाली वळल्यात:
मिस एल्मीनाच्या पॅटीच्या टोपलीवर,
बाकावर झोपलेल्या माणसावर,
माझ्यावर.
मी हात हलवला. एकानं उत्तरादाखल हलवला,
मग बायकोकडे बघून खिशात घातला.

रात्री म्हणे प्रत्येक खोलीच्या दाराखालून
एक कागद सरकवला होता.
तसाच मजकूर डेसीरीनं मला फोनवर वाचून दाखवला,
शाळेत धडा वाचावा तसा, खणखणीत:
पातळी दोन. अधिक सावधगिरी बाळगा.
दागिने घालू नका. एकटे फिरू नका.
"बाबा, पातळी दोन म्हणजे आपण किती वाईट?"
म्हटलं, चारात दोन. काठावर पास.
ती हसली. मग म्हणाली,
"केंडलचं नाव नाही यात."

केंडलचं नाव कशाला असेल?
माझ्या बहिणीचा मुलगा, एकोणीस वर्षांचा,
फेब्रुवारीत, जुन्या रेल्वेपुलापलीकडे,
जिथे कुठलीच सहल कुणाला नेत नाही.
कागदात असलाच तर तो एका आकड्याच्या पोटात असेल.
म्हणून मला त्या कागदाला
ओस्वाल्दो टॅक्सीवाल्यासारख्या शिव्या देता येत नाहीत.
तो ओरडतो, खोटं आहे सगळं, पोटावर पाय आणायचे धंदे!
मी मान हलवतो.
आणि संध्याकाळी सातनंतर मुलीला
कोपऱ्यावरच्या दुकानातही पाठवत नाही.

नऊ वाजले. दहा.
उतरले साठेक जण, घोळक्यानं, फाटकाबाहेरच्या बाजारापर्यंत.
टोप्यांचे भाव केले, परत.
एल्मीनाच्या पॅट्या गार झाल्या.
म्हणाली, "माझ्या मिरचीला घाबरायचे ते लोक बरे होते."

सव्वादहाला बाई आल्या. एकट्याच.
सत्तरीच्या, पायात कोरे बूट,
बोटावर अंगठीच्या जागी
पांढऱ्या कातडीचं वळं.
"हाउगन. एकच. ते वरच थांबलेत.
म्हणतात, पैसे गेले तर गेले."
मग फाटकाच्या रेषेवर, एक पाऊल आत, एक बाहेर:
"सुरक्षित आहे ना?"

उत्तर पाठ आहे. चौदा वर्षं तेच देतोय.
आज घशात अडकलं.
म्हटलं, "मी नेतो त्या रस्त्यानं, हो.
चार वाजेपर्यंत, हो."
"बाकी सगळे नुसतंच हो म्हणाले," बाई म्हणाल्या,
आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

सवयीनं मी कळ दाबली.
चारही दारं एकदम खट्ट.
त्यांच्यासाठीच लावलेली.
आणि त्या जागीच थिजल्या,
हात पर्सवर, नजर माझ्या बोटांवर.
तेव्हा कळलं,
त्यांच्या कागदात मीही आहे.

पुन्हा कळ. पुन्हा खट्ट.
उघड्या दारांनिशी समुद्राच्या भिंतीकडेनं निघालो,
मांडीवर अंड्यांची टोपली असल्यासारखा.
मागे एक मोटारसायकल, वर दोन पोरं.
बेकरीपाशी वळली.
माझी पाठ सीटला टेकली तेव्हा कळलं, ओली आहे.

बागेशी थांबलो. बाईंनी काचेला नाक लावलं.
"तो बघा, त्या फांदीत! हलत नाहीये. मेलेला नाही ना?"
"थांबा," म्हटलं, "त्याला वेळ लागतो."
इंजिन बंद केलं. दारं तशीच.

मग दोघंही बघत बसलो,
त्या, वर, एक हात कधी सुटतोय म्हणून,
मी, आरशात, मागचा रस्ता.