न नळातला

बोपोडीच्या शाळेत संगणक अकरा, चालू सात.
आठवी ब ची पोरं एकतीस.
एका खुर्चीवर दोघं, मागे रेलून दोघं-तिघं,
आणि सगळ्यांची मिळून एकच फाईल:
'शाळेपर्यंतचा रस्ता'.

मी बजावलं, पान एकच आहे,
कुणीही कुठेही लिहा,
फक्त दुसऱ्याचं पुसू नका.
त्यांनी तेवढंच ऐकलं नाही.

पहिली दहा मिनिटं गाढव, माकड,
कुणाच्या तरी नावापुढे बावीस बदाम.
मग हळूहळू रस्ता उमटायला लागला भिंतीवर,
प्रोजेक्टरच्या निळसर चौकोनात:
रेल्वेचं फाटक, कारखान्याचा भोंगा,
भुर्जीची गाडी, सकाळी ताडपत्रीत गुंडाळून झोपलेली.
एका ओळीत तर नुसतं 'कुत्रं',
तिथून पुढे पळत यायचं असतं म्हणे.

श्रावस्ती ओव्हाळनं लिहिलं:
आमच्या गल्लीत पानी सहाला येतं.
हंडे भरून झाले की मी निघते.

शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली.
गुलाबी कर्सर धावत आला: पाणी.
हिरवा परत गेला: पानी.
पाणी.
पानी.
कुणी कुणाला एक अक्षर बोललं नाही.
चौदा वर्षांत मी वर्गात
इतकी शांत मारामारी पाहिली नव्हती.

निकाल द्यायला माझा कर्सर निघाला
आणि न च्या पुढ्यात जाऊन थांबला.

मी बार्शीहून पुण्याला आले डी.एड.ला,
तेव्हा एका बाईंनी मला वर्गासमोर उभं करून
बाण, लोणी, पाणी म्हणायला लावलं होतं,
पुन्हा, पुन्हा,
मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.
वर्षभर मी आरशासमोर ण घासला.
आई अजून फोनवर विचारते,
पानी येतंय का गं पुन्याला?
आणि मी स्टाफरूममधून बाहेर जाऊन बोलते.

फळ्यावर लिहिताना आपली पाठ असते वर्गाकडे,
अडखळलो तरी खडू मोडल्याचं निमित्त होतं.
इथे माझं अडखळणं भिंतभर,
माझ्या नावाची पाटी लावून
लुकलुकत उभं.

'मॅडम, हँग झालं का?' मागून रुद्राक्ष.
हो म्हणाले.

तेवढ्यात श्रावस्ती उठली.
'तुम्हीच शिकवलंय मॅडम, न नळातला.
मग नळाला ण चं पाणी येईलच कसं?'

वर्ग फुटला हसून.
गुलाबी कर्सरवाला मुबीन अत्तार तेवढा हसला नाही.
की-बोर्डवर बोटं तशीच ठेवून बसला.
मग नेट गेलं, घंटा झाली,
आणि निकाल राहून गेला.

रात्री भांडी आवरून फाईल उघडली,
मागच्या आवृत्त्या एकेक करून उलगडल्या.
दोन वाजून बारा मिनिटं, पाणी.
दोन तेरा, पानी.
दोन तेरा, पाणी.
डस्टर फिरवलेलं कुठे जातं
हे मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं.
इथे सगळं जपलेलं, वेळेसकट,
दोन सतरापासून दोन वीसपर्यंतची
माझी कोरी तीन मिनिटंसुद्धा.

समासात एक नवी नोंद होती, नऊ एक्केचाळीसची,
बहुतेक आईच्या मोबाईलवरून:
'मॅडम आमच्या घरी पण पानीच म्हनतात.
मी शाळेसाठी ण पाठ केला.
तिचं राहू द्या. – मुबीन'

मी खाली लिहिलं, 'मी पण.'
पुसलं.
'शाब्बास' लिहिलं, तेही पुसलं.
मग लक्षात आलं,
उद्या कुणी मागे जाऊन बघितलंच
तर ते दिसणारच आहे.

मी पण, मुबीन.
लाल रेघ आली नाही.