अकरा टोमॅटो

सॅल्मनच्या पिंजऱ्यांचे जुने काळे नळ वाकवून
ऑस्लाने घर बांधलं भाजीसाठी.
शेटलंडमध्ये झाड नाही, आडोसा नाही;
वारा इथे पाहुणा नव्हे,
सातबाऱ्यावरचा वाटेकरी.

मार्चमध्ये दह्याच्या डब्यांतून रोपं आत आली.
बाहेर गारा. आत तिचा चष्मा वाफेने आंधळा,
बोटांनीच ओळखते :
हा कोबी, हे बीट, हे तण.

जूनमध्ये रात्र होतच नाही.
साडेदहाला ती भर उजेडात पाणी घालते.
काकड्या झोपायला तयार नाहीत, म्हणते,
सुट्टीतल्या पोरांसारख्या.

आणि टोमॅटो?
ऑगस्ट सरला तरी हिरवेगार, हट्टी.
शेजारचा रास्मी कुंपणावरून रोज विचारतो,
"लाली आली का?"
ती उत्तर देत नाही.
केळ्याचं साल ठेवते त्यांच्याजवळ.

सप्टेंबरात पिकले. मोजून अकरा.
आठ खाल्ले, दोन रास्मीला,
एकाचं बी वर्तमानपत्रावर वाळत घातलं,
बोटींच्या वेळापत्रकावर.

जानेवारीत वादळाने छताचा एक पत्रा नेला.
सापडला रास्मीच्या कुरणात,
त्याच्या आडोशाला तीन मेंढ्या बसलेल्या.
"राहू दे आठवडाभर," ती म्हणाली.

बाहेर, आजेसासऱ्यांनी रचलेल्या दगडी कड्यात
केलची रोपं तेवढी उभी होती,
थंडीने पानं गोड झालेली.
चार खुडली, सूप चढवलं,
आणि तो कागद दिव्याजवळ धरून
कुठलं बी, कुठला पूर्णविराम
हे नखाने चाचपत राहिली.