कारण

बोरिवली तहसील, खिडकी चार.
‘दाखला काढायचाय?’
नाही.
‘मग कारण काय लिहू?’
सातपुतेबाई पेन धरून थांबल्या.
मागची रांग चुळबुळली.
म्हटलं, पणजी लिहा.

कोतवाल बुकाचं पान मोडीत,
समास वाळवीनं खाल्लेला.
वाचणारे टिपणीस, पानाचे दोनशे,
बोट सरकवत गेले:
बारकी. वय अदमासे तीस. ताप.
जात वारली.
नवऱ्याच्या रकान्यात नुसती रेघ.

आमच्या घरी ती कोकणातली जानकी होती.
गाव कुठलं विचारलं
की आजोबा रेडिओ मोठा करायचे.
ती गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे.

तरी दर साली कुठूनसा कडूकंद आणायचे,
मालाडच्या दुसऱ्या मजल्यावर
पातळ चकत्या करून, राख चोळून
रात्रभर नळाखाली ठेवायचे.
पेडणेकरकाकू पाण्यावरून भांडायच्या.
कुणी शिकवलं हो?
‘असंच येतं.’

एका साली पाणीकपात होती.
कंद अर्धाच धुतला गेला.
सगळ्यांचे घसे पहाटेपर्यंत खवखवत होते,
आजोबांचाही.
कुणी काही बोललं नाही.