पावणेचार घनमीटर

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर, आमच्या ऑफिसच्या पडद्यात
फुलेवाडी रिंगरोडखालची जमीन
हिरव्या त्रिकोणांची जाळी होऊन लटकते.
माउसने फिरवली की फिरते,
कुशीवर वळते, पोट दाखवते.
इतकी आज्ञाधारक माती
मी साइटवर कधी पाहिली नाही.

तिथं वीटभट्टीचा जुना खड्डा आहे.
तो भरून मंगल कार्यालयाचं पार्किंग करायचंय.
खालचा पृष्ठभाग ड्रोनने आणलेला,
वरचा मी आखलेला, रस्त्याच्या पातळीला.
(पंचगंगेनं मनावर घेतलं तर तीही पातळी बुडते,
पण तो रकाना या तक्त्यात नाही.)
दोन्हींच्या मधली पोकळी, ती आमची भाकरी.
बटण दाबलं.
भराव: ३११८.४२ घनमीटर.

हा झाला दाबून बसवलेला.
सुटा मुरूम धरला तर साडेतीनशेच्या वर डंपर,
कारण उकरलेली माती फुगते,
आपल्याच खड्ड्यात परत मावत नाही.
हे कॉलेजात शिकवलं तेव्हा
मला लग्न मोडून माहेरी आलेली मंदाआत्या आठवली होती.
परीक्षेत मी फक्त टक्के लिहिले.

शार्दूल म्हणाला, मॅडम, मध्येच एक सुळका येतोय.
सपाट तळ, आणि मधोमध
अडीच मीटरच्या वर चढलेला एक खांब.
सॉफ्टवेअरनं त्याला पिवळं वेढून विचारलं होतं:
संशयास्पद बिंदू. वगळायचे?
झाड असेल, शार्दूल म्हणाला, नाहीतर उडती घार.
वगळले.
भराव: ३१२२.१७.
तळ कसा स्वच्छ झाला, पोतेरं फिरवल्यासारखा.

पावणेचार घनमीटरचा फरक.
एवढ्यासाठी कोणी साइटवर जात नाही.
मी गेले, कारण घारीला
इतका चौकोनी पाया नसतो.

खांब होता.
मातीचा, चारी बाजू फावड्यानं तासलेल्या,
पावसानं कोपरे खाल्लेले,
डोक्यावर भांगाएवढं गवत.
आजूबाजूची सगळी जमीन विटा होऊन शहरात गेली
आणि हा एवढा इथंच थांबला.

कडेला दुर्गाप्पा बसलेला, डंपर मोजायला ठेवलेला,
दर खेपेला पत्र्यावर खडूची एक रेघ.
म्हणाला, त्यो साक्षीदार हाय.
कसला?
खोलीचा. आदी जमीन कुठवर हुती, ह्यो सांगतोय.
आमी खणायचो, मधी एक ठिवायचो.
मापाला सायब आला की ह्याच्या अंगाला टेप लावायचा,
डोस्क्यापासनं पायापतोर.
तेवढं खणलं, तेवढं पैसं.

मग पाडला का नाही?

माप झाल्याबिगर कसा पाडणार?
तंबाखू मळून झाली, थुंकून झालं.
सायब आलाच न्हाई.
मालकानं भट्टी इकली. मग पाऊस लागला.

ड्रोन वरून सगळं बघून गेला होता,
दोन सेंटिमीटरच्या अचूकतेनं.

मी बॅगेतला टेप काढला.
एक टोक दुर्गाप्पानं गवताला धरलं,
दुसरं मी वाकून पायथ्याला.
दोन मीटर एकसष्ट.
किती? त्यानं विचारलं. सांगितलं.
मान हलवली, जणू त्याला आधीच ठाऊक होतं
आणि फक्त माझी चूक होते का ते बघायचं होतं.

ऑफिसात येऊन वगळलेले बिंदू परत घेतले.
सुळका पुन्हा उभा राहिला जाळीत, बेढब,
त्रिकोण त्याच्या अंगावर ओढले गेले.
३११८.४२.
मालकाचा सव्वा ब्रास मुरूम वाचला, तो खूश होईल.
पुढच्या महिन्यात खांब तसाही गाडला जाणार,
त्यावर वरातीच्या गाड्या लागणार.

शार्दूल म्हणाला, रिमार्कमध्ये काय टाकू?
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
लिही, म्हटलं:
मूळ जमीन. जागेवर. मोजली.