एक सत्तेचाळीस, भुसावळ

कोणीच काही उघडलेलं नाही,
तरी राउटरचा दिवा लुकलुकतोय.

यार्डात बत्तीस वर्षं
वाघिणींचे नंबर उतरवले मी, कंदील धरून.
आता तसलीच वही:
कुठला प्रोग्रॅम, कुठला पत्ता,
किती गेलं, किती आलं.
विंडोजचं अपडेट. बरोबर.
अँटिव्हायरस. असू दे.
नातवाचा गेम, जो तो
दिवाळीतच पुसून गेला म्हणे. अस्सं!

एक उरला.
नाव नाही, नुसते आकडे;
दर चाळीस सेकंदांनी
एक वाघीण बाहेर,
आत काय भरलंय, पावती नाही.

बेनामी गाडीला आधी लाल,
चौकशी मागून.
वायर उपसली.

"काय व्हयनं?" आतून कोकिळा.
"काही नही. जपी जाय."

वहीत वेळ टाकली.
मालाचा रकाना
कोराच.