गुण्या

बेन्तांकोर वर बघतो, मी खाली.
तशी वाटणीच झालीये आमची.
तो आरामखुर्चीत, पोंचो हनुवटीपर्यंत ओढलेला;
मी शेजारच्या खोक्यावर, मांडीवर फळी,
फळीवर कागद, आणि बॅटरीला रबरबँडनं बांधलेली
सायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच.
टाकुआरेम्बोच्या पुढे, डांबर संपतं तिथून अकरा किलोमीटर.
मार्च. गवत दहिवरानं जड.

लोकरीच्या गोदामात एकतीस वर्षं मी वजनं लिहिली,
म्हणून त्यानं मला बोलावलं.
"तुझा सात सातच वाटतो," म्हणाला.
कौतुकाची त्याची रीत एवढीच.

विंचू आणि मित्र, यांच्या मधल्या गर्दीत
एक तारकासमूह आहे. नाव गुण्या.
चार अंधूक तारे,
आणि काटकोन तोही नीट नव्वदचा नाही.
"हाताखालच्या पोरानं असा केला असता
तर फेकून दिला असता," म्हणतो बेन्तांकोर,
चाळीस वर्षं दारं-खिडक्या केलेला माणूस.
पण उल्का येतात त्या तिथूनच.
येत असल्या तर.
तासाला चार. कुणी म्हणतं, दोन.
कुणी म्हणतं, हा वर्षावच नाही मुळी,
चार भटक्यांना आपण लावलेलं आडनाव.

१:०५. सुरुवात. ढग नाहीत.
त्रिकोणातले तारे चौदा.
१:३१. एक. तिसरी प्रत. वेगवान. गुण्याची.
तो बोलतो, मी लिहिते.
मान वर करेपर्यंत
आकाश पुन्हा मिटलेलं असतं.
असे आठ मार्च झाले. माझ्या अक्षरात दोनशे सहा उल्का,
डोळ्यांत एकही नाही.

मग तासभर काहीच नाही.
कुंपणापलीकडे गाय उठते, पुन्हा बसते.
"लिही. काही नाही."
"काही नाही, हेही?"
"हेच तर. न बघता काही नाही म्हणणारे
गावभर आहेत."
मला कळतं ते. गोदामातही
आधी रिकामा काटा लिहायचा,
पोतं नंतर चढवायचं.

२:५२ ला तो थर्मासचं झाकण फिरवत होता,
डोळे मातेच्या भोपळ्यात.
तारेपाशी टेरो ओरडला, टिटवीसारखाच,
कुणाच्या तरी नावानं बोंब मारल्यासारखा,
आणि मी वर बघितलं. पक्ष्यासाठी. फक्त पक्ष्यासाठी.

सुतार दोरी ताणून धरतो,
चिमटीत उचलून सोडतो,
आणि लाकडावर आधी नसलेली सरळ रेघ असते.
तशी.
फक्त आवाज नाही. आणि लाकूडही नाही.

मी बोलले नाही.
"पेन्सिल थांबली तुझी," तो म्हणाला.
सांगितलं. पहिली प्रत असेल. हिरवट. नाही, पांढरी.
"कुठून कुठे?"
त्यानं खुर्चीखालची काठी दिली. मी ती
आकाशावर धरली, आठवणीला समांतर.
"आता मागे ने."
मागे नेली. गुण्याला वीतभर बाजूला ठेवून
ती गेली सरळ नदीकाठच्या निलगिरींत.
"भटकी," म्हणाला. "कुणाचीच नाही."
"लिहू?"
"माझ्या कागदावर नको. मी कुठे पाहिली?"
आणि भोपळा माझ्या हातात दिला, कढत.

४:१०. समाप्त.
गुण्याच्या दोन. भटक्या तीन.
खाली त्याची सही, नेहमीसारखी, दार लावल्यासारखी ठाम.
तो खुर्ची मिटून ट्रककडे गेला.

मी कागद उलटा केला.
कोऱ्या बाजूला, दहिवरानं मऊ झालेल्या,
२:५२ लिहिलं. प्रत लिहिली. रंग खोडला, पुन्हा लिहिला.
मग वर, डाव्या कोपऱ्यात: बघणार.
पुढे दोन टिंबं.

काटा स्थिर झाल्याशिवाय लिहायचं नाही,
हे मीच शिकवलंय नव्या पोरींना.
ट्रकचं इंजिन सुरू झालं.
काटा अजून हलत होता.