ज्यूरी बाहेर असताना

बारा जणांना उठवलं. ते गेले मागच्या दाराने,
कुणी विणकाम काखेत धरून, कुणी अर्धं खाल्लेलं सफरचंद.
आता जे बोललं जाईल ते त्यांच्या कानांसाठी नाही.
खटल्याच्या पोटात हा दुसरा खटला.
खिडकीबाहेर कागद गिरणीची वाफ,
खाडीवर न वितळणारा एप्रिल.

माझी बोटं मात्र कुठेच जात नाहीत.
एकोणीस वर्षं मी या कोर्टात टंकते आहे;
जे ऐकू नये असं ठरतं, तेही माझ्याच हातून जातं.

सगळी केस एका केसावर.
सव्वादोन इंच, तपकिरी, मुळाशिवायचा,
नोरीन कीपिंगच्या डाव्या हातमोज्यात अडकलेला
सत्याऐंशीच्या मार्चमध्ये, बर्फ गुडघाभर असताना.
मग छत्तीस वर्षं एका पाकिटात.
त्याच्या केसालाही धक्का लागला नाही, म्हणाला हवालदार,
आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन
पाणी प्यायला.

डॉक्टर इमोजेन थ्रॅशर, दूरच्या प्रयोगशाळेतून आलेली,
सांगते: मूळ लागत नाही आता.
केसाच्या दांड्यात उरतो फक्त चुरा.
आम्ही चुऱ्याचे कण वेचतो, लाखो जागा वाचतो,
जुन्या हाडांवर शिकलो हे.
हा केस लिअँडर ब्रेकचाच असण्याची शक्यता,
परक्याचा असण्यापेक्षा, इतक्या पटींनी अधिक...
मी शून्यं मारत राहिले. करंगळी दुखली.
लिअँडर ब्रेक ऐकत होता, नाकात नळी,
वय सदुसष्ट, डोक्यावर एक केस नाही.

हेडली पेनी उठले. आवाज चढवत नाहीत ते कधीच.
हे करणाऱ्या प्रयोगशाळा जगात किती?
एक.
तिची तपासणी कुणी केली?
आम्हीच.
चुका?
सापडल्या नाहीत.
सापडल्या नाहीत, की शोधल्या नाहीत?

शांततेसाठी माझ्या यंत्रावर कळ नाही.

मधल्या सुट्टीत एफी कीपिंग कॉफीच्या मशिनपाशी,
चौऱ्याऐंशीची, कोट अंगातच.
मला कुणाशी बोलायची परवानगी नाही; ऐकायची कुणी बंद केलेली नाही.
"तो वकील वाईट नाही गं," ती म्हणाली.
"टाका निसटला तर विणणारीला दिसत नाही.
घालणाऱ्याचं बोट बाहेर येतं तेव्हा कळतं.
तो मोजा माझाच. अंगठ्याशी मी चुकले होते,
ती म्हणाली राहू दे, मला आवडतं."
मग नाण्यांची चिल्लर मुठीत घट्ट करून:
"उजव्या मोज्यात दुसरा एक केस होता.
त्याच्याबद्दल कुणी भांडत नाही.
तिचा आहे तो. नंबर बेचाळीस.
सगळं संपल्यावर तो देतील का मला?"

सकाळीच टंकलं होतं मी, पान एकशे अठरा:
नमुना बेचाळीस, तुलनेसाठी, पूर्णपणे वापरला गेला.
शपथेवर नव्हते मी.
"विचारून बघा," म्हटलं.

शुक्रवारी न्यायमूर्ती टल्क यांनी चाळीस मिनिटं वाचलं.
शास्त्र नवं म्हणून खोटं नव्हे, नवं म्हणून पवित्रही नव्हे.
केस ग्राह्य. आकडा नाही.
तज्ज्ञाने जुळतो एवढंच म्हणावं,
किती, ते म्हणू नये.
सरकारी वकिलांनी पेन टोपणात घातलं, काढलं, घातलं.
पेनी छताकडे बघत होते.
एफीने शेजारच्या बाईला विचारलं, म्हणजे आपण जिंकलो का,
आणि त्या बाईला ठाऊक नव्हतं.

मग बारा जण परत आले,
संत्र्याच्या सालींचा वास घेऊन,
विणकाम चार बोटं वाढलेलं.
बसता बसता आमचे चेहरे चाचपत होते ते,
इथे काय झालं ते कुठे सांडलंय का म्हणून.
मी कागदाची नवी घडी बसवली.